पासष्ट की ऐंशी

१२ एप्रिल

ती. वहिनी,

वाकून नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, निरोप पाठवला तर उत्तर देत नाही, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. दादा गेल्यापासून आपल्यात जे अंतर पडलं त्याचं मला वाईट वाटतं, हे आधी सांगतो आणि मग कामाचं बोलतो.

यंदा नवीन इंजिन बांधलंय. चार सिलिंडर, बावीसशे सीसीचं, टर्बो वगैरे काही नाही. हेड नवं, कॅमशाफ्ट नवी. सप्टेंबरात मोटारींच्या डोंगरचढीची अंतिम शर्यत आहे. ती जिंकलो तर तेल कंपनी वर्कशॉपशी मोठा करार करणार आहे, तोंडी बोलणं झालंय. हरलो तर शटर ओढून घरी बसायची वेळ येईल. तुमच्यापासून काय लपवायचं?

सगळं जमून आलंय, अडलंय ते थ्रॉटल बॉडीपाशी. इंजिनाला श्वास घ्यायला किती मोठं तोंड द्यायचं, एवढाच प्रश्न उरलाय. माझ्या टेबलावर दोन पडल्या आहेत, एक पासष्ट मिलिमीटरची, एक ऐंशीची. दादा नेहमी म्हणायचा, हवेचं काय ते हिला विचारा. म्हणून विचारतो. कुठली बसवू?

तुमचा दीर


२० एप्रिल

भाऊजी,

पत्र मिळालं. मी तुम्हाला एकदम 'तीर्थरूप' झाले. गेल्या वेळी चारचौघांत माझ्याबद्दल बोललात तेव्हा शब्द वेगळे होते. तुमच्या लक्षात नसतील, तर मी सांगते.

शर्यतीच्या सकाळी मी इंजिनाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. माझी पाठ फिरल्यावर तुम्ही लॅपटॉप जोडलात आणि जरा जास्त ताकद मिळावी म्हणून पेट्रोल कमी केलंत. वरच्या टप्प्यात दोन पिस्टन वितळले. संध्याकाळी बक्षीस समारंभात माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "वहिनींच्या ट्यूनिंगमध्ये चूक राहिली. घरचं माणूस आहे, काय बोलणार." लोक हळहळले. तुमच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. त्या दिवसापासून शर्यतीच्या एकाही इंजिनाला मला कोणी हात लावू दिला नाही.

हे तेव्हा हॉस्पिटलात होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या उशाशी बसून तेच सांगितलंत. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरंच तुझ्या हातून झालं का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण धाकटा भाऊ आपल्याशी खोटं बोलेल हे काही त्यांच्या मनात शिरेना. त्याच आठवड्यात ते गेले. तुम्ही माझं काम घेतलंत ते मी एक वेळ सोडून देईन. त्यांनी जाताना माझ्याकडे त्या नजरेने बघितलं, ते मी तुम्हाला सोडणार नाही.

आता मी बेकरीमागच्या शेडमध्ये पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करते. पोटापुरतं चाललंय. तुम्हाला आकडा हवा असेल तर माझी एकच अट आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, पिस्टन कोणी वितळवले ते सांगा. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी आकडा मिळेल.

वहिनी


९ मे

वहिनी,

तुमचा राग मी समजू शकतो. पण झालं गेलं उकरून कोणाचं भलं झालंय? दादाचा मोठा फोटो मी वर्कशॉपच्या दर्शनी भिंतीवर लावलाय, रोज त्याला नमस्कार करूनच कामाला लागतो. आपण दोघं असे भांडताना बघून त्याच्या जिवाला काय वाटत असेल, याचाही विचार करा.

माइकवर बोलणं शक्य नाही. हॉलमध्ये तेल कंपनीची माणसं असणार. घरातली धुणी त्यांच्यासमोर धुवायची का? तुमच्या शेडवर येऊन, दार लावून, तुमच्यापुरतं काही बोलायचं असेल तर मी तयार आहे.

सोबत इंजिनाचे सगळे आकडे पाठवतोय. एक नवीन इंजिनिअर ठेवलाय, आम्ही त्याला टायवाला म्हणतो, कारण तो गाडीखालीसुद्धा टाय लावून जातो. तो ऐंशीच म्हणतोय. मोठं तोंड, मोठा श्वास, मोठी ताकद, असं त्याचं म्हणणं. तुम्ही गप्प राहिलात तर लोक उद्या म्हणतील, वहिनींना यातलं येतच नव्हतं, सगळं दादाच करायचा. मी नाही म्हणणार, पण लोकांचं तोंड कोण धरणार?

तुमची पुतणी, आमची भिंगरी, मजेत आहे. पुस्तकांत बुडालेली असते, वर्कशॉपकडे फिरकतसुद्धा नाही. गाडीला चालक बाहेरून घेतलाय. अनुभवी आहे, पगारी आहे.

तुमचा दीर


२ जून

भाऊजी,

अट मागे घेते. पासष्ट बसवा.

तुमच्या आकड्यांवरून दोन वेळा हिशेब करून बघितला. हे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना जेवढी हवा ओढेल तेवढी पासष्टमधून आरामात जाते. माझ्यावर विश्वास नसेल तर पासष्ट लावून गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवा, पॅडल पूर्ण दाबा, आणि वरच्या फेऱ्यांना मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलच्या आतल्या बाजूचा, दाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी ताडून बघा. फरक नावापुरता निघाला तर तोंड पुरेसं आहे. त्याहून मोठं करून गाडीला काही मिळणार नाही.

ऐंशीचं तोंड पासष्टच्या दीडपट भरतं. पॅडलला पाय लागला की बहुतेक सगळी हवा एकदम आत जाणार, त्यापुढे पॅडल दाबलं काय आणि न दाबलं काय. सरळ रस्त्यावर ते खपून जाईल. डोंगरावर सगळी शर्यत वळणातून बाहेर पडण्यात असते. तिथे चालकाला थोडी ताकद हवी असते तेव्हा थोडीच मिळायला हवी. टायवाल्याला म्हणावं, श्वास मोठा असून भागत नाही, तो हवा तेवढाच घेता यायला लागतो.

पासष्ट. दुसरं काही विचारायचं असेल तर विचारू नका.

वहिनी


३ जून

धाकटे,

काल फोनवर तू विचारत राहिलीस की मी अट मागे का घेतली, म्हातारपणी मऊ झालीस का. तेव्हा बेकरीवाला शेजारी उभा होता, म्हणून सगळं बोलता आलं नाही. मऊबिऊ काही झालेली नाही.

मी दिराला खरा आकडा दिला. मला खोटा आकडा लिहिता येत नाही, हातच वळत नाही. आणि या वेळी खोटं लिहायची गरजही नव्हती. भाऊजी माझं पत्र हातात घेऊन काय करतील ते मला ठाऊक आहे. ते स्वतःला माझ्या जागी ठेवून बघतील. माझ्या जागी ते असते तर त्यांनी डोळ्यांची पापणी न हलवता चुकीचा आकडा दिला असता. म्हणजे वहिनीने पासष्ट सांगितलं ना, मग ऐंशीच बरोबर. शिवाय टायवाला कानाशी आहेच. रोलरवर दाब मोजायची तसदी ते घेणार नाहीत. मोजायचा कंटाळा त्यांना पहिल्यापासून.

ऐंशी बसवतील, शर्यत हरतील, करार जाईल, वर्कशॉप जाईल. आणि माझ्या सहीचं पत्र, खऱ्या आकड्याचं, त्यांच्यापाशी राहील. या वेळी खापर फोडायला त्यांना माझं डोकं सापडणार नाही. किती दिवसांनी मला पोटभर झोप लागली ते तुला काय सांगू. तू मला वाईट म्हण, मला चालेल.

ताई


१० जून

ताई,

तुला वाईट म्हणणार नाही. भाऊजींना कोणीतरी दाखवायलाच हवं होतं. तू हॉलमधून परत आलीस त्या दिवशी तुझे हात मी धरले होते, मला विसरता येत नाही ते.

पण एक विचारते. गाडीत कोण बसणार? तू लिहिलंस त्यावरून त्या गाडीला वळणात भलतीच ताकद येणार. मी हॉस्पिटलच्या अपघात विभागात काम करते, मला चुकलेल्या आकड्यांचं हेच एक टोक दिसतं. शर्यत हरणं आणि गाडी सुटणं यात किती अंतर असतं, ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

धाकटी


१५ जून

धाकटे,

चालक बाहेरचा आहे, पगारी आहे, अनुभवी आहे. भाऊजींनीच लिहिलंय. अशी माणसं पहिल्या फेरीत गाडीचा स्वभाव ओळखतात आणि मग सांभाळून चालवतात. गाडी हिसके देईल, वळणातून उशिरा निघेल, वेळ वाया जाईल, बस. तू जिकडे तिकडे टाकेच घालत बस.

ताई


१८ ऑगस्ट

वहिनी,

तुमच्या सल्ल्याबद्दल आभार. जूनपासून उत्तर लिहीन म्हणत होतो, पण कामाच्या धबडग्यात राहून गेलं.

ऐंशी बसवली. सुरू केल्यावर जो आवाज आला तो ऐकून टायवाल्याने टाय सैल केला. कंपनीची माणसं येऊन बघून गेली. ती इतकी खूष झाली की शर्यतीनंतर आपल्या नावाने ऐंशीच्या थ्रॉटल बॉडीचं किट बाजारात आणायचं ठरतंय. मी शब्द देऊन टाकला.

रागावू नका, पण तुमचा डाव मी पहिल्याच ओळीत ओळखला होता. एवढ्या अटी घालून बसलेली बाई एकदम अट मागे घेते आणि फुकटात आकडा देते, हे दुधखुळ्यालासुद्धा खरं वाटलं नसतं. पण बरं केलंत. तुम्ही पासष्ट म्हणालात आणि माझ्या मनातली उरलीसुरली शंका फिटली. समारंभाला यायचं असेल तर कळवा, पास पाठवतो. पुढच्या रांगेतला.

तुमचा दीर


२८ सप्टेंबर

मोठी आई,

आधी बातमी. आपण जिंकलो. 'आपण' मुद्दाम लिहिलंय, का ते खाली कळेल.

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. हॉलमध्ये बाबा बोलले तेव्हा मी मागच्या खुर्चीवर होते, आणि उठून काही बोलले नाही. नंतर कुठल्या तोंडाने लिहायचं ते कळेना. त्यात बाबांनी बजावलं होतं की मी गाडी चालवते हे तुला कळता कामा नये, तू मला तुझ्याकडे ओढून घेशील. हो, गाडी मीच चालवते. हा दुसरा मोसम. पगारी चालक वगैरे कोणी नाही, बाबांना पगार द्यावा लागू नये म्हणूनच तर मी आहे.

तुझं जूनचं पत्र बाबांनी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, "बघा, वहिनी किती गोड लिहितात, म्हणजे आत काटा आहे." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी लहान असताना माझ्या गणितातली बारीकशी चूकसुद्धा तू कधी पोटात घातली नाहीस. जेवायला वाढलेलं ताट बाजूला सारून ती सुधारून घ्यायचीस. तू चुकीचा आकडा लिहून पाठवशील हे मला पटेना. पण मी काही बोलले नाही. बाबांपुढे बोलायची मला सवयच नाही.

सरावाच्या दिवशी ऐंशी लावून वर निघाले. तिसऱ्या हेअरपिन वळणातून बाहेर पडताना पाय पॅडलला जेमतेम लागला आणि सगळी ताकद एकदम आली. मागची चाकं सुटली, गाडी आडवी झाली. थांबली तेव्हा मागचं डावं चाक रस्त्याच्या बाहेर हवेत फिरत होतं. तिथे कठडा नाही. मी एकदा खाली बघितलं, पुन्हा बघितलं नाही. लोकांनी गाडी ओढून घेतली, मी उतरले. बाबा आले, त्यांनी आधी चाक बघितलं, मग टायवाल्याकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "तुझा पाय जड आहे."

मोठी आई, मला त्या क्षणी हॉल आठवला. तोच आवाज होता.

दुसऱ्या दिवशी ते दोघं कंपनीच्या माणसांबरोबर जेवायला गेले. मी ऐंशी उतरवली आणि पासष्ट बसवली. गाडी रोलरवर चढवली, तू शिकवलं होतंस तसा पेट्रोलचा मॅप, किती हवेला किती पेट्रोल तो तक्ता, नव्याने जुळवला आणि दाब ताडून बघितला. फरक नावापुरता. अगदी तू लिहिलंस तसा. मग बॉनेट लावलं आणि कोणाला काही बोलले नाही. शर्यतीत गाडीने मी मागेन तेवढंच दिलं, मी कुठेच घाबरले नाही.

समारंभात बाबा माइकवर म्हणाले की ऐंशीचा धाडसी निर्णय हेच या विजयाचं गमक. टाळ्या पडल्या. करारावर सह्या झाल्या, किटची घोषणा झाली. गाडी बाहेर बॉनेट बंद करून उभी होती. त्यांनी अजून उघडून बघितलेलं नाही.

परतीच्या ट्रकमध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "बाबा, तेव्हाचे पिस्टन कोणी वितळवले?" त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "इंजिनं जातात. त्याचं काय धरून बसायचं."

मला जे कळायचं ते कळलं. तुला मी तेव्हा मागच्या खुर्चीवरून एकटं पाडलं, त्याबद्दल मला माफ कर.

भिंगरी


१२ ऑक्टोबर

भाऊजी,

भिंगरी माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. हे आधी लिहिते, कारण तुम्ही तिचे बाप आहात.

आता बॉनेट उघडून बघा. तिथे पासष्ट आहे. ज्या गाडीपुढे उभं राहून तुम्ही हार घालून घेतलात, ती माझ्या आकड्यावर वर गेली, आणि तो आकडा बसवणारी तुमची मुलगी होती. ऐंशी तिने धुऊनपुसून तुमच्या टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवलीय. त्या ऐंशीचं किट काढायचा शब्द तुम्ही कंपनीला देऊन बसला आहात. ते किट लोकांच्या गाडीत बसेल तेव्हा काय होईल ते तुम्ही सरावाच्या दिवशी डोळ्यांनी बघितलंय. आता ते बाजारात आणायचं की कंपनीपुढे उभं राहून सगळं कबूल करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. निर्णय महिनाअखेरीपर्यंत झाला नाही, तर कंपनीला मी लिहीन. आणि खरं लिहीन, तेवढं तर तुम्हाला आता पटलं असेल.

माझ्याकडचंही सांगते. तुम्ही खोटं समजाल हे धरूनच मी तुम्हाला खरा आकडा दिला होता. तुम्ही ऐंशीच बसवावी आणि हरावं, म्हणून. चालक बाहेरचा आहे असं तुम्ही लिहिलंत आणि मी ते मानलं, कारण मला ते मानायचं होतं. माझ्या बहिणीने गाडीत कोण बसणार म्हणून विचारलं, तर तिलाच मी चार शब्द सुनावले. भिंगरीच्या पत्रातलं त्या चाकाचं वाक्य वाचलं तेव्हा मला कळलं. नेम तुमच्यावर होता आणि मध्ये ती बसली होती. बाहेरचा कोणी बसला असता तरी तोही कोणाचा तरी कोणी असताच, हेही मला त्याच दिवशी कळलं. मी स्वतःला यातून सोडवत नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती परवा सकाळी हत्यारांची पेटी घेऊन दारात आली, तेव्हा तिला पेटी खाली ठेवू द्यायच्या आधीच सांगितलं. मला वाटलं ती आल्या पावली परत जाईल, आणि गेली असती तर मी अडवलं नसतं. ती उंबऱ्यातच थांबली. डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, "तू विचारायला हवं होतंस, मोठी आई. पण तू आकडा खरा लिहिलास. बाबांनी चाक बघूनसुद्धा माझ्या पायाला नाव ठेवलं." आणि पेटी आत घेतली. आमचं सगळं मिटलंय असं नाही. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण काम करते.

मी तिला बोलावलं नव्हतं. परतही पाठवणार नाही. माइकवरची तुमची कबुली मला आता नको. ती मिळवण्यासाठी मी कुठवर गेले ते मी बघितलंय. पण तुमच्याबद्दलचा राग गेलाय असं समजू नका, तो जिथल्या तिथे आहे. फक्त आता त्याला पुरेसं मिळालंय. तिला भेटायचं असेल तर तिला पत्र लिहा. ती हो म्हणाली तर या. नाही म्हणाली तर येऊ नका, कारण दार मी उघडणार नाही.

तिचे थंडीचे कपडे आणि हेल्मेट पाठवून द्या. पंपांच्या शेजारी जागा करून आम्ही एक इंजिन उघडून बसलोय. पुढच्या मोसमात ती ते घेऊन त्याच डोंगरावर येणार आहे.

वहिनी